बुटातला टॉवेल

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी शेवटच्या चढावर बसकण मारली आणि आयोजकांच्या गाडीतून परत आले. मी पन्नाशीची, शाळेत गणित शिकवणारी बाई. वर्गातल्या पोरींनी ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून एकच खूळ डोक्यात होतं, यंदा तो चढ आपल्या पायांनी चढायचा.

पळायला मी पातळ तळव्यांचे बूट घालते. यंदा जुनी जोडी झिजली म्हणून नवी घेतली, तर ती त्याहून पातळ निघाली. जुनीत थोडी तरी गादी होती. लांब ढांग टाकून टाच आधी टेकवली तरी खपून जायचं. नवीत तसंच पळाले आणि टाचेतली कळ थेट मस्तकात गेली. मग चवड्यांवर पळाले, तर पोटऱ्यांत असे गोळे आले की शाळेचा जिना मला कठडा धरून उलटा उतरावा लागला.

"सोलापुरात राहून टाच दुखती म्हनतीस? टॉवेल घाल की बुटात!" नवरा म्हणाला. त्यांचा टॉवेलचाच कारखाना. आमच्याकडे लग्नात टॉवेल, सत्काराला टॉवेल, गळक्या नळालाही टॉवेल. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगला जाड बघून पावलाच्या मापानं कापला आणि बुटात सारला. काय सुख!

तलावाकाठी मी थाडथाड पळू लागले. फिरायला आलेली आजोबा मंडळी माझ्या आवाजानंच बाजूला व्हायची. टॉवेलमुळे पायाला जमीन जाणवत नव्हती, म्हणून मी पाय आणखी जोरात आपटत होते. एवढं कळायला गुडघा सुजावा लागला.

गुडघ्याची सूज उतरली, तोवर शर्यत जवळ आली होती. टाचेच्या भीतीनं टॉवेल मात्र अजून बुटातच होता. एका सकाळी घामानं भिजलेला टॉवेल चवड्याखाली गोळा झाला आणि मी भडकले. दोन्ही तुकडे उपसून कचऱ्याच्या डब्यात फेकले, तशीच पळाले. टाचेच्या धास्तीनं पाऊल लांब जाईना. ते अंगाखालीच पडू लागलं, मधल्या भागावर, टाच मागून हलकेच टेकत. गुडघे किंचित वाकलेले, ढांग निम्मी, पावलं भरभर. आणि आवाज बंद! एका आजोबांच्या शेजारून गेले तर ते दचकले. "आयला, कुटनं आली ही बाई!" इतका आनंद झाला की मी आणखी एक फेरी मारली.

त्यानंतर घाई केली नाही. थोडं थोडं पळाले. जोडी बदलली की आधी कान द्यायचा आणि आवाज आला की ढांग कमी करायची, एवढंच शिकले.

शर्यतीच्या दिवशी चढ आला. तिथल्या बोळाच्या तोंडाशी नवरा स्कूटर चालू ठेवून उभा! म्हणजे मी इथंच बसणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. मला असा राग आला, असा राग आला, की दम लागलाय हेच विसरले.

"बस की गं, लई झालं!"

"तुमी या मागनं," मी म्हणाले आणि ढांग आणखी आखूड करून चढ चढून गेले.

पुढचा रस्ता गाड्यांना बंद होता. बोळाबोळांतून वळसे घालत ते पोचले, तेव्हा मी गळ्यात पदक घालून उप्पीटाची दुसरी प्लेट खात होते.