स्टीलचं फुलपात्र

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मेथी निवडली, एकाच फुलपात्रातनं पाणी प्यालो. नंतर मी दारूला लागलो. शेजारचा मित्र रोज बाटली आणायचा. म्हणायचा, "घे राव, दुःख हलकं होतं."

एकदा चाकणहून चिखलीला येताना बसमध्ये एक पोरगी शेजारी बसली. कंपनीत कामाला होती. माझ्या तोंडाला वास येत होता, तरी उठली नाही. देशोदेशीच्या तरुण पोरांच्या शिबिराला परदेशी जाऊन आली होती. तिथं रोज संध्याकाळी सगळे दारूच्या ग्लासाला ग्लास भिडवायचे. ही घरून नेलेलं फुलपात्र पाण्यानं भरून भिडवायची.

"सगळ्यांत मोठा आवाज माझाच, बाबा!" खिदळत तिनं ते पिशवीतनं काढून दाखवलं. पार पोचे पडले होते.

"का पीत न्हाईस, विचारलं असंल की?"

"रोज! मी म्हणायचे, नाही घेत. कारण सांगितलं की लोक कारणाशी भांडत बसतात."

परक्या मुलखात एकटी पोर ठाम राहिली. मला एका मित्राला नाही म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बाटली घेऊन आला.

"न्हाई घेत," मी म्हणालो.

"का रं?"

मी बायकोचं नि माझं ते फुलपात्र पाण्यानं भरलं आणि त्याच्या बाटलीवर टणकन वाजवलं.