ब्लोरच्या भट्टीतला वाटा

इंग्लंडमधल्या बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावात त्या सकाळी असा गारठा होता, की ओल्या मातीला हात लावायचं म्हणजे जिवावर येत होतं. ग्लेनिस मॅचिननं स्पंज कोमट पाण्यात बुचकळला आणि कच्च्या कपांचे कान पुसायला घेतले. उभा जन्म याच कामात गेलेला. आता मनगट ठणकायचं, निवृत्ती उंबऱ्यावर आली होती आणि पेन्शनचं गाठोडं अगदीच हलकं होतं.

आदल्या दिवशी कारखान्याचा मालक नायजेल ब्लोरनं नवी योजना सांगितली होती. पेन्शनचा हप्ता पगार हातात आल्यावर भरायचा नाही. तेवढा पगार आधीच सोडायचा आणि मालकानं तो परस्पर पेन्शनमध्ये टाकायचा. कागदावर पगार कमी झाला, की पगारावर बसणारी सरकारी विम्याची वर्गणी घटते. कामगाराची घटते, तशी मालकाचीही.

पगार सोडायचा म्हटल्याबरोबर बायका बिथरल्या. त्यांच्या घराघरांत एक जुनी ठसठस होती. एके काळी भट्टीतून धड निघालेल्या कपाचेच पैसे मिळत. कप तडकला की घडवणारीची मजुरी बुडाली, मग चूक भट्टीवाल्याची का असेना. शेजारच्या बाकावरची डॉट म्हणाली, "माझ्या आईचा निम्मा घाम त्या भट्टीनं गिळला. मी नाही सही करायची."

ग्लेनिसनं मात्र घरी बसून हिशेब उलटसुलट करून पाहिला होता. तोटा कुणाचाच नव्हता. पण मालकाची जी वर्गणी वाचणार, तिच्याबद्दल नायजेलनं अवाक्षर काढलं नव्हतं. चहाच्या सुट्टीत तिनं बायकांना सांगितलं, आपण सही केली नाही तर त्याचीही दमडी वाचत नाही. तेव्हा वाटा मागायचा.

"मग जा की तूच," डॉट म्हणाली. "तुझी जीभ काही स्पंजाची नाही, ते ठाऊक आहे त्याला."

नायजेल वरच्या ऑफिसात चीज घातलेलं ओटचं धिरडं खात होता. लहानपणी त्याचं शेंबडं नाक ग्लेनिसनंच पुसलेलं. तिनं वाटा मागितला, तेव्हा वाचलेले पैसे भट्टीच्या गॅसला लागतील, असं तो मान वर न करता म्हणाला.

"राजा," ग्लेनिस म्हणाली, "माझ्या आईचा कप तुझ्या आजोबांच्या भट्टीत तडकला, तर तोटा तिचा. आज आमच्या सह्यांनी फायदा होतोय, तर तो एकट्या भट्टीचा कसा?"

नायजेलनं ताटली बाजूला सारली. धिरडं गार झालं.

"अर्धा देतो," शेवटी तो म्हणाला. "बाकीचा गॅसला लागेल. खरंच लागेल."

ते तिलाही माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात गॅस परवडेना म्हणून भट्टी आठवडाभर थंड पडलेली तिनं पाहिली होती.

"अर्धा आमच्या पेन्शनमध्ये, दर महिन्याला. खाली येऊन सगळ्यांपुढे सांग, मग सह्या. उरलेल्याचं गॅसचा भाव उतरल्यावर बोलू."

"तुम्ही काही विसरायच्या नाहीत."

"नाहीच विसरणार."

तो बोटं पुसत खाली आला आणि बोलला. डॉटनं त्याला पुन्हा एकदा बोलायला लावलं, मगच पेन उचललं.

ग्लेनिसच्या बादलीतलं पाणी एव्हाना निवलं होतं. तिनं ते ओतून दिलं, नवं कोमट पाणी आणलं आणि पुढचा कप कानाला न धरता बुडाशी हात लावून उचलला. कच्चा कान लगेच निखळतो.