पाणी नापास करणाऱ्या बाई

आमच्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ केमिस्ट बाई अहवालावर सही करायच्या आधी पेन टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे पाणी पितं कोण?" आश्रमशाळा आहे की दहा उंबऱ्यांची वाडी, हे कळल्याशिवाय त्यांची सही उमटत नसे. मी तेव्हा नवा ज्युनियर केमिस्ट. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, एवढ्यापुरताच आपला संबंध, असं माझं साधं गणित होतं. बाईंच्या चौकशांनी मी वैतागून जायचो.

बाई आंबेगावच्या पश्चिमेकडच्या, भातखाचरांच्या मुलखातल्या. पुण्यात राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. नमुने तपासून घेणं, आमच्या आकड्यांवर नजर ठेवणं, यंत्रं ठाकठीक ठेवणं, सही करणं, ही त्यांची नेमून दिलेली कामं. नापास झालेल्या विहिरीवर स्वतः जायचं काम मात्र त्यांनी आपणहून मागे लावून घेतलं होतं. "नुसता कागद पाठवला की लोक घाबरतात, नाहीतर फेकून देतात. समोर बसलं म्हणजे चार प्रश्न तरी विचारतात," म्हणायच्या.

नमुन्याची बाटली आम्ही निर्जंतुक करून द्यायचो. गावचा पाणीवाला ती आधी मनापासून विसळायचा, वर खांद्यावरच्या टॉवेलने पुसायचा. त्या स्वच्छतेपायी चांगलं पाणीही नापास व्हायचं. बाईंनी एकाला विचारलं तर तो म्हणाला, "अवो बाई, धुतल्याबिगर कुणाच्या भांड्यात पानी भरत्यात का?" बाई खो खो हसल्या आणि त्याला दुसरी बाटली दिली. दुसऱ्या एका पठ्ठ्याने भीतीपोटी आदल्या दिवशी विहिरीत जंतू मारायच्या टीसीएल पावडरीची अख्खी पिशवी रिकामी केली होती. बाटलीचं झाकण काढताच उग्र वास आला, तशा बाई म्हणाल्या, "पावणं, परीक्षेच्या दिवशीच आंघोळ घातली का विहिरीला?"

एका उन्हाळ्यात आणे पठारावरच्या एका वाडीचा नमुना नापास झाला. उन्हाळ्यात पाणी टिकून राहणारी तिथली ती एकच विहीर. बाटली विसळली असणार, असं मी म्हणालो. "तसं असेल तर बरंच," म्हणत बाईंनी जीप मागवली. स्वतः वाकून नमुना घेतला. तोही नापास झाला.

कारण विहिरीच्या वरच्या अंगालाच होतं. हिराबाई नावाच्या म्हातारीचे गुडघे गेलेले. आळेफाट्याला गॅरेजात काम करणाऱ्या तिच्या मुलाने घराला लागून संडास बांधून दिला होता. त्याच्या खड्ड्यातलं पाणी कातळाच्या भेगांतून विहिरीत झिरपत होतं. खड्डा बुजवायला हवा होता, आणि नवा खणायचा तर माती होती थेट शेताच्या टोकाला.

"मॅडम, पावडर रोज टाकू आमी," सरपंच काकुळतीने म्हणाले. "पर म्हातारीची सोय मोडू नका."

"पावडर टाकणारा एखाद्या दिवशी लग्नाला जाईल. मग?" बाई म्हणाल्या.

आणि त्या उठून थेट हिराबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सगळं समजावून सांगितलं. हिराबाईंनी गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्या घाणीनं गावाला आजार देतेय म्हना की."

"घाण सगळ्यांचीच असते, आजी. खड्डा चुकीच्या जागी आहे, एवढंच."

"तुमाला एवढंच. चालायचं मला हाय."

त्या दिवशी अहवालावर सही करायच्या आधी बाईंनी पेन दोनदा टेबलावर ठेवलं. पण सही केली. नंतर पंचायतीच्या मागे लागून त्यांनी शेताच्या टोकाला नवा संडास उभा करून घेतला, घरापासून तिथवर धरायला लोखंडी पाइपही बसवून घेतला. तो बसवताना भर उन्हात स्वतः उभ्या राहिल्या. असलं काम कुठल्या केमिस्टने केल्याचं मी ऐकलेलं नाही.

पावसाळ्यानंतर विहीर पास झाली. अहवाल द्यायला आम्ही गेलो, तर हिराबाई पाइप धरत धरत तांब्या घेऊन आल्या. "प्या," म्हणाल्या. "रागावलेलीच हाय मी तुमच्यावर. पर पानी प्या."

"रागवा. तुमचा हक्कच आहे," म्हणत बाईंनी तांब्या रिकामा केला.

यंदा बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात वक्त्यांनी त्यांची पदवी, शिस्त, अचूकपणा सगळं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी हिराबाईंचं एवढंच सांगितलं आणि खाली बसलो. बाहेर पडताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "त्या बाजूला गेलास तर आजींचा राग गेला का, एवढं विचारून ये रे."

गेल्या महिन्यात गेलो होतो. विचारलं. हिराबाईंनी माझ्या पाठीमागे, जीपकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग ती सोता का न्हाई आली?"