सेहेचाळीसच्या खाली

काट्यावर आकडा आला ४५.९००. टेबलामागचे अधिकारी म्हणाले, "सर, तुमची मुलगी कमी भरतेय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. बावीस वर्षं मी रत्नागिरीत तायक्वांदो शिकवतोय. जास्त भरलेली मुलं ढिगानं पाहिली. कमी भरलेली ही पहिलीच.

आमच्या खेळात वजनी गट असतात. माझी ही विद्यार्थिनी मानसी, तिचा गट ४६ किलोच्या वर ते ४९पर्यंत. एन्ट्री एकदा गेली की गट बदलत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वेट-इन, म्हणजे अधिकृत वजन. बसला नाहीत तर काटा बंद होईपर्यंत आणखी एक चान्स, मग घरी. इथं जिंकणारी राज्याच्या टीममध्ये जाणार होती आणि मानसी त्यासाठी तीन वर्षं झटत होती.

चार दिवसांपूर्वी ती ४९.४०० होती. मी भात बंद केला, रेनकोट घालून पळवली. काल सकाळी ४७.२००. मी खूश होऊन आणखी एकदा पळवली.

"आज खाल्लंस काय?"

"काही नाही सर. संकष्टी आहे."

"पाणी?"

तिनं आईकडे पाहिलं. वहिनी हेदवीहून खास आल्या होत्या.

"निर्जळी उपास धरायला लावलाय तिला," त्या म्हणाल्या. "वजन उतरू दे म्हणून गणपतीला बोलल्ये मी. बघा, ऐकलंन त्यानं."

"जरा जास्तच ऐकलं. वहिनी, आता तिला पाणी पाजायला हवं."

"चंद्र नवाला उगवतो."

"काटा सहाला बंद होतो."

वहिनींनी विचार केला. "हातात नारळ धरलान तर नाय चालणार?"

"नाही."

"जाड स्वेटर?"

"नाही हो वहिनी."

साडेपाच वाजले. मला वहिनींचा राग येत होता, त्याहून जास्त स्वतःचा. '४९च्या आत आण' असं मीच घरी बजावलं होतं. खालीही एक हद्द असते, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

मानसी भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग पिशवीतून बाटली काढून त्यांनी तिच्या हातात दिली.

"पी. नवस मी बोलल्ये, तू नाय. तुझा उपास माझ्याकडं. बाप्पाचं मी बघते."

अर्धा लिटर पाणी आणि दोन केळी. सहाला सात मिनिटं कमी असताना काटा ४६.५००वर थांबला. वहिनी मात्र स्वतः चंद्र दिसेपर्यंत पाण्याला शिवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मानसीनं फायनल जिंकली. मेडल हातात घेऊन वहिनी माझ्याकडे आल्या.

"सर, आता राज्याकडनं खेळेल तेव्हा देवाला नेमकं किती सांगू?"

मी कागदावर दोन्ही आकडे लिहून दिले. आता प्रत्येक पालकाला देतो. निम्मं काम देवावर सोपवायचं असेल, तर त्यालाही पूर्ण माहिती द्यावी.