रेहाना, जाळी आणि छत्तीस व्होल्ट

इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात होते. ‘‘मंगलताई, रेहाना गेली...’’ एवढंच ते बोलले. मी ‘‘बरं’’ म्हणाले आणि फोन पर्समध्ये टाकला. दुकानदारानं विचारलं, ‘‘मॅडम, खालची ओळ दिसतेय का?’’ मी ती ओळ वाचली, बरोबर वाचली. फ्रेमही पसंत केली. मग रिक्षा करून तिच्या घरी गेले, बायकांत बसले, कुणीतरी दिलेलं पाणी प्यायले. त्याला आता काही आठवडे होऊन गेले. मला अजून रडू आलेलं नाही.

रेहाना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. मी वीज कंपनीत लागले, ती फुलंब्रीच्या शाळेत गणिताची शिक्षिका झाली आणि निवृत्त होईपर्यंत रोज बसनं जा-ये करत राहिली. तिचे अब्बा सुतारकाम करायचे. त्यांच्याकडून ती लाकडात जाळी कापायला शिकली होती. बारीक पात्याची करवत घेऊन ती सागवानी फळीत चांदण्या कोरायची, एकीतून दुसरी निघालेली, कुठंही न तुटणारी. शाळेतून दमून आली की टीव्हीसमोर बसण्याऐवजी बंद गॅलरीत जाऊन तिचं हे चालायचं. इक्बालभाईंचं कापडाचं दुकान. ते म्हणायचे, ‘‘मेरी बेगम का मायका इस गॅलरी में है.’’

निवृत्तीनंतर तिचा उजवा हात थरथरू लागला. पार्किन्सन्स, डॉक्टर म्हणाले. करवतीची पाती पटापट तुटू लागली. एक दिवस तिनं करवत कपाटावर ठेवून दिली आणि त्याविषयी बोलणंच बंद केलं. मी विषय काढला तर म्हणायची, ‘‘चहा घे.’’ मग एका सकाळी तिचाच फोन. ‘‘मंगल, संगणकावर जाळी काढायची आणि मशीननं कापायची. लोक घरी बनवतात अशी मशीन. मी व्हिडिओ बघितलेत. तू ये, मला तुझी वीज लागणारे.’’

सांगाडा बनवून घेतला, मोटरी मागवल्या. स्टेपर मोटर म्हणजे सलग न फिरता एकेक पाऊल टाकत फिरणारी मोटर. किती पावलं टाकायची ते संगणक सांगतो आणि मध्ये ड्रायव्हर नावाची छोटी डबी असते, ती मोटरला करंट मोजून देते. आम्ही दोघींनी सरळ विचार केला, की सागवान कापायचंय तर मोटर दणकट हवी. मिळत होत्या त्यातली सगळ्यात जड मोटर घेतली आणि हाताशी असलेला चोवीस व्होल्टचा सप्लाय जोडला.

पहिली चांदणी निम्मी सुंदर आली. उरलेली निम्मी बाजूला सरकलेली, जणू कुणी फळी मधून कापून चुकीची चिकटवली. दुसरीही तशीच. मशीन वेग घेई, मोटर कण्हल्यासारखा आवाज करी आणि तेवढ्यात तिची काही पावलं राहून जात. संगणकाला ते कळतच नसे, तो आपला पुढं जाई.

‘‘वेग कमी कर,’’ मी म्हणाले.

‘‘हळू चालवलं तर एका जाळीला अख्खा दिवस जाईल. माझ्याकडं लई दिवस नाहीत गं.’’

मोटर तापली आहे का, ते मी हात लावून पाहिलं. तीही मोटरीकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘ही माझ्यासारखीच झाली. जोर आहे, पण हुकूम वेळेवर पोचत नाय.’’

ते अगदी खरं होतं. मोठ्या मोटरीची गुंडाळी मोठी, तिच्यात करंट चढायला वेळ लागतो. जागेवर उभी असताना ती ताकदवान, पण भराभर पावलं टाकायची वेळ आली की करंट पुरता चढायच्या आत पुढचं पाऊल येतं. रेहानानं वाचून वाचून ठरवलं, की मोटर लहान घ्यायची, लवकर करंट घेणारी, आणि व्होल्टेज वाढवायचं. छत्तीस.

‘‘मोटरीवर तीन व्होल्ट लिहिलंय, रेहाना. छत्तीसनं जळेल.’’

‘‘जळत नाय. ड्रायव्हर करंट बांधून ठेवतो ना? जास्त व्होल्टेजनं नुसता धक्का लवकर बसतो.’’

‘‘मग ड्रायव्हर पन्नास सोसतो म्हणून पन्नास देशील?’’

‘‘देऊ?’’

‘‘अजिबात नाही. मोटर एकदम थांबते तेव्हा वीज उलटी ढकलते. ड्रायव्हर जाईल.’’

‘‘म्हणून तर तुला बोलावलं,’’ ती हसून म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी हसली होती.

नव्या मोटरी जोडल्या त्या दुपारी इक्बालभाई दुकान बंद करून घरी थांबले. भुसा उडत राहिला, मशीनचं कापणारं टोक फिरत राहिलं. शेवटच्या रेघेला टोक जिथून निघालं होतं तिथंच येऊन मिळालं. चांदणी मिटली. रेहानानं बोट फिरवून पाहिलं. बोट थरथरत होतं. बोटाला कुठं सांधा जाणवला नाही. ‘‘व्हय, आली,’’ एवढंच म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर दीड-दोन वर्षं ती कापत राहिली. तिच्या जुन्या शाळेच्या व्हरांड्यात तिची जाळी आहे, वैजापूरला नणंदेच्या दारावर आहे. शेवटी शेवटी माउससुद्धा धरवेना. मग ती आकडे सांगायची आणि मी टाइप करायचे. पुढं तिच्या तोंडचे आकडेही मला कळेनासे झाले. न्यूमोनियाचं फक्त निमित्त झालं.

गेल्या रविवारी इक्बालभाईंनी बोलावलं. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता, तो मशीन कुणाला तरी देऊन टाकू म्हणत होता. ‘‘देण्याआधी एकदा चालू करून दाखवा,’’ इक्बालभाई म्हणाले. मी सप्लायचं बटण दाबलं. काहीच हललं नाही, फक्त बारीक सूं असा आवाज सुरू झाला.

‘‘बिघडली?’’

‘‘नाही. काम दिलेलं नाही म्हणून उभी आहे.’’

त्यांनी दोन्ही हातांनी मशीनचा आडवा दांडा ढकलून पाहिला. जागचा हलला नाही. पुन्हा ढकलला, खांदा लावून.

‘‘वीज आहे तोवर मोटर आपली जागा धरून ठेवते,’’ मी म्हणाले. ‘‘बंद केली की बोटानंही सरकेल. करू बंद?’’

इक्बालभाईंनी दांड्यावरचा हात काढला नाही. ‘‘नको,’’ म्हणाले. ‘‘थोडा वेळ राहू दे.’’

मी खुर्ची ओढून बसले. मुलगा आत चहा ठेवायला गेला.