हिराबाईंच्या पिशवीतली बाटली

"काकू, ही बाई खोटं बोलतेय," डॉक्टर रिपोर्ट माझ्यासमोर सरकवत म्हणाले. "तुम्हीच विचारा तिला. माझ्याच्याने आता होत नाही."

माझ्याच्यानेही होत नव्हतं. शनिवारची सकाळ, बाहेर सगळ्या खुर्च्या भरलेल्या, आणि माझे गुडघे आदल्या दिवसापासून ठणकत होते. पण अशी कामं फिरून माझ्याच टेबलावर येतात. नौपाड्यातल्या या क्लिनिकमध्ये मी बावीस वर्षं आहे. आलेले तेव्हा नंबर लिहायला बसायचे. मग हळूहळू पेशंटना पथ्य सांगायला लागले, इन्सुलिन कसं टोचायचं ते दाखवायला लागले. आता माझ्या टेबलावर 'डायबिटीस एज्युकेटर' अशी पाटी आहे. डिप्लोमा वगैरे काही नाही हं. डॉक्टरांच्या मागे उभं राहून जे कानावर पडलं, तेच माझं कॉलेज.

रिपोर्ट हिराबाईंचा होता. मोहन्याला राहतात, साठीच्या आहेत, घरात त्या आणि मुलगा प्रकाश, दोघंच. रिपोर्टमध्ये एचबीए१सीचा आकडा होता. मागच्या तीन महिन्यांत साखर साधारण किती राहिली, ते यातून कळतं. उपाशीपोटीची साखर चार दिवस नीट वागून खाली आणता येते, आमचे पेशंट तेवढे हुशार आहेत. हा आकडा मात्र फसत नाही. हिराबाईंचा होळीच्या सुमाराला आठ होता. आता गणपती उठून गेले, तर दहाच्या वर. गोळ्या दोनदा वाढवल्या, तरी वर.

मी मायलेकांना आत बोलावलं.

"हिराबाई, गोड खाता का?"

"नाय."

"चहा?"

"बिनसाखरेचा. कडू काढा पितात तसा पिते."

"मॅडम, हिच्यावर विश्वास ठेवू नका," प्रकाश मध्येच म्हणाला. "मी खाऊच्या कपाटाला कुलूप लावलंय. शेजारी सांगून ठेवलंय, आईला प्रसादसुद्धा देऊ नका म्हणून. मी ड्युटीवर गेलो की ही कुठून तरी खाते."

"सांग, आख्ख्या आळीला सांग," हिराबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "रेडिओवर पन सांग." मग माझ्याकडे वळल्या. "ताई, मी चोरून नाय खात. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले, तिथला कोथिंबिरीचा काडा कधी उचलला नाय. आता माझे घरात चोरी करू?"

बोलताना आवाज चढला नव्हता. दमलेला होता. हे वाक्य त्यांनी घरी किती वेळा म्हटलं असेल, ते ऐकूनच कळत होतं. खरं सांगते, मीही विश्वास ठेवला नाही. बावीस वर्षांत इतके जण याच खुर्चीत बसून "मी काही खात नाही" म्हणालेत, की ते वाक्य माझ्या कानाला लागतच नाही.

डॉक्टरांनी निकाल दिला. सोमवारपासून इन्सुलिन.

हिराबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या थोरल्या बहिणीला इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षाच्या आत पाय कापावा लागला. पाय सुईने गेला, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मी समजावलं, पाय वाढलेल्या साखरेने जातो, इन्सुलिन उलट तो वाचवायला देतात. त्यांनी मान हलवली. पटलेलं नसताना हलवतात तशी.

प्रकाश खालच्या मेडिकलमधून इन्सुलिन टोचायचं पेन आणायला गेला. पेन कसं वापरायचं ते मला दाखवायचं होतं. तोवर मी हिराबाईंना घेऊन बाहेर वेटिंगमध्ये बसले. खरं तर मलाच दोन मिनिटं टेकायचं होतं. त्या बाजूला मी कधी बसत नाही. माझी जागा आतली.

समोर भिंतीवर टीव्ही. त्यावर आमचा व्हिडिओ चालू होता. त्याबद्दल सांगायला हवं. गुढीपाडव्याला डॉक्टरांनी हौसेने तो बनवून घेतला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पेशंट तासभर नुसते बसतात, तेवढ्यात चार गोष्टी शिकतील. शूटिंग क्लिनिकमध्येच झालं. सांगणारी मी, निळी साडी नेसून. पेशंट झाली आमची रिसेप्शनवरची स्नेहल. आहार, चालणं, पायांची काळजी, आणि शेवटी साखर एकदम कमी झाली तर काय करायचं, ते. हे शेवटचं महत्त्वाचं. गोळी घेतली आणि जेवण चुकलं, तर साखर धाडकन खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. अशा वेळी, माणूस शुद्धीवर असताना, आणि फक्त अशाच वेळी, तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची असते.

हिराबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, चार घोट घेतले आणि तोंड पुसलं. बाटलीच्या तळाशी पांढरं काहीतरी बसलेलं.

"हे काय घातलंय यात?"

"साखर."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"साखर? आत काय सांगितलंत मला?"

"गोड खात नाय सांगितलं. हे कुठे गोड, हे औषध." आणि बोट टीव्हीकडे. "तुमीच तर देताय. ते बघा."

मी बघितलं. स्नेहल चालता चालता थांबली, कपाळावरचा घाम पुसला, मटकन खुर्चीत बसली. मग मी आले. ग्लासात एक, दोन, तीन चमचे साखर. ढवळली. तिला पाजली. स्नेहल हसली, उठली आणि ताठ चालायला लागली.

आवाज नव्हता. टीव्ही म्यूट होता.

तो कोणी केला होता, ते मला शोधावं लागलं नाही. मीच केलेला. पाडव्यानंतर दोन आठवड्यांतच. दिवसभर आपलाच आवाज ऐकायचा, 'नमस्कार, मधुमेह म्हणजे घाबरण्याचं कारण नाही', पुन्हा 'नमस्कार'. डोकं उठायचं. त्यात स्नेहल पेशंटची नावं पुकारते तीही ऐकू येत नसत. एके दिवशी मी रिमोट घेतला, बटण दाबलं आणि रिमोट ड्रॉवरमध्ये टाकला. त्यानंतर कोणी चालू कर म्हटलं नाही. 'फक्त साखर कमी झाली तरच', 'आधी मशीनवर तपासा', हे सगळं माझ्या बोलण्यात होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलंही होतं. हिराबाईंना वाचता येत नाही.

"दिवसातून किती वेळा घेता?"

"दमले की. घाम आला की. तीन येळा, कधी चार. सकाळी रक्त द्यायला निघाले ना, तवा आंबिवली टेसनवर घेते. उपाशी चक्कर येते."

दमणं आणि घाम. साखर वाढली की थकवा येतोच. मोहन्याहून ऊन खात निघालं की घामही येतो. थकवा आला की साखरपाणी, साखरपाण्याने साखर वर, पुन्हा थकवा. पाच महिने.

"अहो, पण डायबिटीसला साखर कशी चालेल, असं वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं ना. दुसरी कोन असती तर घेतली नसती," हिराबाई म्हणाल्या. "पन तुमी होतात."

मी बाटली घेतली आणि तशीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. आत पेशंट होता, तरी गेले. सगळं सांगितलं, रिमोटसकट. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काकू, आणि आपण तिला खोटारडी म्हणालो."

"आपण म्हणालो," मी म्हटलं.

इन्सुलिन थांबवलं. साखरपाणी बंद, बाकी गोळ्या त्याच, घरी रोज मशीनवर तपासायचं आणि आकडा मला फोनवर सांगायचा. गोळ्यांचा जोर आता जास्त पडेल, म्हणून खरंच साखर कमी झाली तर कसं ओळखायचं, ते मी दोघांना समोर बसवून शिकवलं. या वेळी तोंडाने. प्रकाश हातात पेनचा डबा धरून ऐकत होता. आईची माफी वगैरे त्याने मागितली नाही. जाताना तिची पिशवी तेवढी स्वतः घेतली.

"कपाटाची चावी दे आदी," हिराबाई जिन्यात त्याला म्हणाल्या. "मग पिशवी घे."

पुढचे तीन आठवडे माझे फोनवर गेले. पाडव्यानंतर आलेल्या एकेका पेशंटला विचारत होते, टीव्हीवरचं बघून घरी काय करताय. बहुतेकांनी काहीच केलं नव्हतं. काहींनी टीव्हीकडे बघितलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं. डोंबिवलीचे एक आजोबा मात्र रोज साखरपाणी घेत होते. "अंगात तरतरी येते," म्हणाले. त्यांनाही बोलावून घेतलं.

दिवाळीनंतर हिराबाईंचा रिपोर्ट आला. पुन्हा आठ. अगदी चांगला नाही, पण इन्सुलिनची गरज नव्हती. पेन प्रकाशने मेडिकलवाल्याला परत केलं.

व्हिडिओ आम्ही नव्याने केला. शेवटचा भाग त्यातून काढून टाकला, तो मी समोर बसवूनच सांगते. उरलेला आधी आवाज बंद करून हिराबाईंना दाखवला आणि विचारलं, काय कळलं? पायांच्या काळजीचा भाग बघून त्या म्हणाल्या, "ही पाय धुऊन बसलीय. पावने येनार असतील." तो भाग पुन्हा शूट केला. पेशंटला शिकवणारं काहीही असो, ते आधी मुकं करून बघावं. उरतं तेवढंच पोचतं. हे मला पाटी लावल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

हिराबाई अजून दर तीन महिन्यांनी येतात. पाण्याची बाटली पिशवीत असतेच. माझ्या टेबलाशी आल्या की आधी झाकण उघडतात आणि माझ्या तळहातावर थोडं पाणी ओततात. मी नको म्हणते. त्या ऐकत नाहीत.

मी पिते. साधं पाणी असतं.