आमच्या बाथरूममधली पितळी वजरी

मंगळवारी पिऊला, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, यवतमाळात स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दाखवायचा होता तिचा तळपाय... आणि चप्पल काढायची वेळ माझ्यावर आली!

झालं असं, की दिवाळीनंतर घाटंजीहून सासूबाई राहायला आल्या. टाचांना भेगा, बोटावर एक चामखीळ. त्यांना येऊन चार दिवस झाले नाहीत, तर पिऊच्या तळव्याला खरखरीत गाठ दिसली. मी लगेच ठरवूनच टाकलं, हे यांच्यामुळेच! पाय घासायच्या आमच्या पितळी वजरीला हात लावू नका म्हणाले, बादली-मग वेगळा करून दिला.

त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी पिशवी भरून परत घाटंजीला गेल्या.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ही चामखीळच आहे, विषाणूची. पण चार दिवसांत नाही होत, दिसायला कित्येक महिने लागतात.

मग त्यांनी कागदावर कातडीचे थर काढून दाखवले. बारीकशा भेगेतून हा विषाणू थेट तळाच्या पेशीत शिरतो आणि गुपचूप बसतो. एका पेशीच्या दोन झाल्या, की दोन्हीकडे तो असतोच. पेशी वर सरकत म्हातारी झाली, की मात्र तिच्यात स्वतःच्या हजारो प्रती काढतो... रक्तात उतरतच नाही, म्हणून शरीराला लवकर पत्ता लागत नाही. वरची कातडी गळते, तिच्यासोबत हाही बाहेर पडतो.

"घरात अजून कोणाच्या पायाला आहे?" मॅडमनी विचारलं. पिऊ पटकन म्हणाली, "आईला कुरूप आहे ना! रोज वजरीनं घासते."

चप्पल काढली. ते कुरूप नव्हतंच, चामखीळच होती... वर्षभर मी घासून काढत होते तो पांढरा भुगा आठवला. त्याच वजरीनं दर रविवारी पिऊचे पाय मीच घासत होते!

बाहेरच्या बाकावरूनच सासूबाईंना फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.

"म्या तं त्या वजरीले हातबी नाई लावला, बाई. टोचते ते मले. माया पाय घासाचा दगड आणलता ना म्या पिशवीत."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"तुनं इचारलं कुठी?"



आमच्या दोघींच्या पायांना औषध सुरू झालंय. ही माफी फोनवर मागून भागणार नाही, म्हणून रविवारी घाटंजीला जातेय, त्यांना घेऊन यायला. वजरी आता ज्याची त्याची वेगळी... बादली मात्र सगळ्यांची एकच.